विषादाच्या काळात देवाची दिशा : संत इग्नेशियस लोयोला यांचे मार्गदर्शन

संकट ओढवलेल्या घरी भेटीस गेलेल्या धर्मगुरूंच्या कानी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पडत असतो : 'आम्ही इतकी प्रार्थना केली, मग देव गेला कुठे?' घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो, कारखाना बंद पडून नोकरी जाते, ठरलेला विवाह मोडतो, पोटचे मूल दगावते. पहिले काही दिवस शेजारपाजारचे जपमाळेला येतात, नातेवाईक थांबतात. पुढे घर रिकामे होते आणि खरी कसोटी तेव्हा सुरू होते. प्रार्थनेला बसवत नाही, पवित्र मिस्सेत मन लागत नाही, देवाचे नावही ओठांवर कोरडे वाटते.

अशा माणसाला भोवतालचे लोक जी उत्तरे देतात ती बहुधा जखमेवर मीठ चोळणारीच असतात. कोणी म्हणतो, तुमची श्रद्धा कमी पडली. कोणी म्हणतो, घराण्यातील जुन्या पापाचे हे फळ. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा, पाप त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असा खुलासा प्रभू येशूने केला होता. योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय आपण दर काही वर्षांनी उपवासकाळात ऐकतो, तरीही हे बोल आपल्या तोंडून थांबलेले नाहीत.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत या अवस्थेविषयी पुष्कळ संतांनी लिहिले आहे. त्यांपैकी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांचे मार्गदर्शन आम्हांला विशेष उपयुक्त वाटते. ते ज्ञान पुस्तकातून आलेले नसून त्यांनी स्वतः सोसलेल्या दिवसांतून आलेले आहे, आणि ते सामान्य माणसाला आचरता येण्याजोगे आहे. या लेखात त्या मार्गदर्शनाचा परिचय करून देत आहोत.

अंथरुणावरचा शोध

इग्नेशियस यांचे मूळ नाव इनिगो. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतातील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. मानसन्मान, शस्त्रे आणि राजदरबार यांपलीकडे त्यांना काही सुचत नसे. २० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील किल्ल्याचे रक्षण करताना तोफेचा गोळा लागून त्यांच्या उजव्या पायाचे हाड मोडले आणि डाव्या पायालाही इजा झाली. विजयी फ्रेंचांनीच त्यांच्यावर उपचार करून त्यांना डोलीतून लोयोला येथील घरी धाडले. हाड नीट बसले नव्हते म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. जूनच्या अखेरीस प्रकृती इतकी खालावली की वैद्यांनी आशा सोडली. मात्र संत पेत्राच्या सणाच्या आदल्या रात्री त्यांना उतार पडू लागला.

पुढील कित्येक महिने अंथरुणावर काढताना त्यांनी वीरांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते दोनच ग्रंथ : एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह. ते वाचता वाचता त्यांच्या ध्यानी एक बारीकशी गोष्ट आली. एका थोर घराण्यातील स्त्रीची सेवा करण्याची स्वप्ने रंगवताना त्यांना अतिशय सुख वाटे, परंतु ती स्वप्ने ओसरली की मन कोरडे आणि असमाधानी राही. संत फ्रान्सिस किंवा संत डॉमिनिक यांच्यासारखे कठोर जीवन जगण्याचा विचारही सुख देई. पण तो विचार निघून गेल्यावरही मनात समाधान टिकून राही. सुख दोन्हीकडे होते. फरक होता तो नंतर उरणाऱ्या चवीत. देव मनुष्याच्या अंतःकरणात कसा बोलतो, याविषयी इग्नेशियस यांनी पुढे जे जे लिहिले त्या सर्वांचे बीज या निरीक्षणात आहे.

बरे झाल्यावर १५२२ च्या मार्चमध्ये मोंसेरात येथील पवित्र मातेच्या मंदिरात रात्रभर जागर करून त्यांनी आपली तलवार तेथे अर्पण केली आणि जवळच्या मान्रेसा गावी मुक्काम केला. थोडे दिवस थांबण्याचा बेत होता. ते जवळजवळ अकरा महिने राहिले.

येथवरची कथा आपल्या वाचकांनी ३१ जुलैच्या सणाला प्रवचनातून ऐकली असेल. मान्रेसातील मधले महिने मात्र आपण घाईने ओलांडतो, आणि संकटात सापडलेल्या माणसाला गरज असते ती नेमकी त्यांचीच. सुरुवातीचा आनंद सरला आणि इग्नेशियस एका भयंकर शंकेने पछाडले गेले. आयुष्यातील सर्व पापांचे त्यांनी लेखी पापनिवेदन केले होते. तरीही काहीतरी सांगायचे राहिले असावे, या भीतीने ते पुनःपुन्हा पापनिवेदनास जात आणि प्रत्येक वेळी अधिक अस्वस्थ होऊन परतत. दिवसाचे सात तास ते गुडघे टेकून प्रार्थना करीत होते आणि तरीही त्यांना सुटका मिळत नव्हती. जीवन संपवावे असा विचार त्यांच्या मनात वारंवार येऊ लागला. देवाचा अपराध होईल या जाणिवेने ते त्यापासून मागे हटत. अखेर देव साहाय्य करीत नाही तोवर अन्नपाणी घ्यायचे नाही, असा निर्धार करून ते आठवडाभर उपाशी राहिले. देवाला अशी अट घालणे आपल्यालाही अनोळखी नाही. नवस बोलताना आपण वेगळे काय करतो? पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती निमूटपणे पाळली.

थोड्या दिवसांनी, हे विचार कोठून येतात आणि ते आपल्याला कोठे नेतात, याकडे त्यांनी शांतपणे पाहिले. ही वाट देवाजवळ जाणारी नसून, स्वीकारलेल्या जीवनाचाच वीट आणणारी आहे, हे त्यांना उमगले. जुन्या पापांचे निवेदन पुन्हा करायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि ते मुक्त झाले. त्या काळात देवाने आपल्याला शाळामास्तर लहान मुलाला शिकवतो तसे शिकवले, असे त्यांनी उतारवयात आपले आत्मनिवेदन सांगताना नमूद केले आहे. देव दूर गेला आहे असे ज्या दिवसांत वाटत होते, त्याच दिवसांना ते शाळा म्हणतात, हे विशेष होय.

सांत्वन आणि विषाद

मान्रेसात केलेल्या टिपणांतून 'आध्यात्मिक साधना' हा छोटा ग्रंथ आकारास आला. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली त्यास मान्यता दिली. अंतःकरणातील प्रेरणांची पारख कशी करावी, याचे बावीस नियम त्यात आहेत; पहिले चौदा प्रामुख्याने कसोटीतून जाणाऱ्यांसाठी आहेत.

या नियमांत दोन शब्द पुनःपुन्हा येतात, सांत्वन आणि विषाद. त्यांचा अर्थ रोजच्या बोलण्यापेक्षा वेगळा आहे. सांत्वन म्हणजे केवळ बरे वाटणे नव्हे. ज्या हालचालीने देवावरील प्रेम, श्रद्धा आणि आशा वाढते ते सांत्वन. मग तेव्हा डोळ्यांतून अश्रू वाहत असले तरी. याउलट ज्या अवस्थेत आत्मा काळोखतो, खालच्या गोष्टींकडे ओढला जातो, आळसावतो आणि आपण आपल्या निर्मात्यापासून तुटलो आहोत असे त्याला वाटते, तो विषाद. मुलाच्या शवपेटीजवळ उभी असलेली आई दुःखाने मोडून पडलेली असूनही सांत्वनात असू शकते आणि सर्व काही सुरळीत चाललेला गृहस्थ विषादात असू शकतो. बाहेरचे संकट आणि आतला विषाद यांची गाठ नेहमीच पडते असे नाही. ही गोष्ट ध्यानी न आल्यामुळे कित्येक भाविक आपल्या रडण्यालाच अश्रद्धा समजून स्वतःला दोष देत बसतात.

विषाद का येतो, याची तीन कारणे नवव्या नियमात दिली आहेत. पहिले, प्रार्थनेत व भक्तीत आपण केलेली हयगय. दुसरे, सांत्वनाचे वेतन मिळत नसताना आपण देवाच्या सेवेत किती टिकतो याची कसोटी. तिसरे, सांत्वन ही आपली कमाई नसून देवाचे दान आहे, हे आपल्याला आतून कळावे म्हणून. या तीनांपैकी आपल्या चुकीशी संबंधित कारण एकच आहे, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेव्हा संकटग्रस्ताच्या घरी जाऊन 'तुमचीच श्रद्धा कमी' असा निवाडा देणाऱ्याने इतर दोन कारणे कोणत्या अधिकाराने खोडून काढली, हे स्वतःला विचारून पाहावे.

सातवा नियम तर आजाऱ्याच्या उशाशी लिहून ठेवावा असा आहे. विषादात देव आपल्याला केवळ आपल्या स्वाभाविक शक्तींवर सोडल्यासारखा वाटतो. परंतु त्याचे साहाय्य तेव्हाही आपल्यापाशी असते, ते फक्त जाणवत नाही, असे इग्नेशियस सांगतात. कृपा असणे आणि कृपा जाणवणे यांत ते भेद करतात. प्रार्थना 'लागत नाही' म्हणून ती पोहोचतही नाही, असा निष्कर्ष काढण्यास येथे वाव राहत नाही.

अंधारात वाट बदलू नये

पाचवा नियम सर्वांत प्रसिद्ध आहे आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी. विषादाच्या काळात पूर्वीच्या निश्चयात कोणताही बदल करू नये. त्याआधी सांत्वनाच्या काळात जे ठरवले होते त्यावर दृढ राहावे. रात्रीच्या धुक्यात होडी हाकणारा कोळी नवे बंदर शोधू लागत नाही, निघताना धरलेली दिशाच धरून ठेवतो, तसे हे आहे. प्रेषितकार्याला वाहून घेतलेली भगिनी, वीस वर्षांचा संसार केलेले पतिपत्नी, व्यसन सोडून वर्षभर टिकलेला तरुण, यांच्या मनात कोरड्या दिवसांत 'हे सगळे चुकलेच' असा आवाज उठतो. तो आवाज इतका शहाणपणाचा वाटतो की तोच देवाचा आवाज आहे अशी भूल पडते.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा मात्र नव्हे. सहावा नियम लगेच सांगतो की निश्चय बदलू नये, पण स्वतःला अवश्य बदलावे : प्रार्थना थोडी वाढवावी, आत्मपरीक्षण करावे, झेपेल तितकी तपश्चर्या करावी. साधनेच्या ग्रंथात त्यांनी एक बारकावा असाही सांगितला आहे की प्रार्थनेला एक तास ठरवला असेल तर विषादात तासाहून थोडे अधिकच बसावे, कारण सैतानाचा सारा प्रयत्न तो वेळ कापण्याचा असतो.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हा नियम विवेकाने केलेल्या चांगल्या निश्चयांविषयी आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने सुरक्षित जागी जाऊ नये, आजाऱ्याने औषधोपचार लांबवावेत किंवा अन्यायाविरुद्ध तक्रार करू नये, असा त्याचा अर्थ कोणी लावत असेल तर तो नियमाचा विपर्यास होय. जीव वाचवण्यासाठी सांत्वनाची वाट पाहण्याची गरज नसते.

विषादातील दुसरा धोका एकटेपणाचा. तेराव्या नियमात इग्नेशियस सैतानाची तुलना लबाड प्रियकराशी करतात : आपले बोलणे मुलीच्या वडिलांच्या कानी जाऊ नये, एवढीच त्याची धडपड असते. ज्या विचाराविषयी 'हे कोणालाही सांगू नकोस' असे मन बजावते, तो विचार चांगल्या धर्मगुरूला किंवा अनुभवी आध्यात्मिक व्यक्तीला आधी सांगावा. चौदाव्या नियमातील उपमा किल्ल्याची आहे. सेनापती तटाची सर्वांत कमकुवत बाजू हेरून तिथेच मारा करतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंगांनी वसईचा तट कसा फोडला, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या लोकांना ही उपमा समजावून सांगायला नको. प्रत्येकाने आपला ढासळलेला बुरूज कोणता, हे शांततेच्या काळातच पाहून ठेवावे.

नियमांच्या दुसऱ्या संचातील एक खूण येथे सांगण्याजोगी आहे. देवाच्या वाटेने चाललेल्या आत्म्याला चांगली प्रेरणा हळुवार स्पर्श करते, जणू पाण्याचा थेंब स्पंजात मुरावा. वाईट प्रेरणा थेंब दगडावर आदळावा तशी खळबळ करीत येते. 'आत्ताच्या आत्ता कर, नाहीतर सर्व संपले' अशा धमकीच्या सुरात येणारे 'देवाचे मार्गदर्शन' म्हणूनच संशयाने पाहावे. आपल्याकडे अडचणीत आलेली माणसे डोळे मिटून बायबलचे पान उघडून त्यावर बोट ठेवतात, स्वप्नांचा अर्थ विचारत फिरतात, काही जण चोरून देवऋषीकडेही जातात. भविष्यकथनाच्या सर्व प्रकारांचा त्याग करावा, असे कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथ (परिच्छेद २११६) बजावतो. त्यामागची धडपड आम्ही समजू शकतो. माणसाला उत्तर हवे असते आणि ते आजच हवे असते. इग्नेशियस यांच्या रीतीत मात्र वेळ लागतो.

बंद झालेली दारे

त्यांच्या स्वतःच्या बाबतीत किती वेळ लागला, ते पाहण्यासारखे आहे. पवित्र भूमीत आयुष्य घालवावे ही देवाची इच्छा आहे, अशी त्यांची खात्री होती. १५२३ साली ते जेरुसलेमला पोहोचले; तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्यांना राहू देण्यास नकार दिला. परत येऊन, तिशी ओलांडलेला हा माणूस बार्सेलोना येथे लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकू लागला. अल्काला आणि सालामान्का येथे धर्मन्यायालयाच्या संशयावरून त्यांना तुरुंगात राहावे लागले. १५३४ च्या १५ ऑगस्टला पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली तेव्हाही ओढ जेरुसलेमचीच होती. मात्र ठरावीक मुदतीत जाता न आल्यास पोप महोदय पाठवतील तेथे जायचे, असे त्यांनी शांत मनाने आधीच ठरवून ठेवले. १५३७ साली ते व्हेनिसला आले आणि तुर्कांशी युद्ध पेटल्यामुळे यात्रेकरूंचे जहाज त्या वर्षी सुटलेच नाही. म्हणून ते रोमला गेले आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला मान्यता मिळाली.

त्या न सुटलेल्या जहाजाशी आपलाही संबंध आहे. त्या सात मित्रांपैकी एक फ्रान्सिस झेवियर. हिंदुस्थानच्या मोहिमेसाठी निवड झाली होती ती त्यांची नव्हे, निकोलस बोबादिया यांची. ऐन निघण्याच्या वेळी बोबादिया आजारी पडले आणि त्यांच्या जागी झेवियर यांना पाठवावे लागले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. एकाचा नकार, एकाचे आजारपण आणि एक रद्द झालेला प्रवास यांतून ही वाट निघाली. त्या त्या दिवशी त्यांतले काहीच कोणाला मार्गदर्शन वाटले नसणार.

रोजचे आत्मपरीक्षण

मग घरच्या घरी आरंभ कोठून करावा? इग्नेशियस यांनी दिलेले साधन म्हणजे रोजचे आत्मपरीक्षण. येशूसंघात ते दुपारी आणि रात्री असे दोनदा करण्याची प्रथा आहे. आपल्यासाठी रात्रीच्या जपमाळेनंतरची दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. आधी दिवसभरात मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावेत. मग प्रकाश मागावा. त्यानंतर सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्यावा आणि कोणत्या क्षणी मन देवाकडे झुकले, कोणत्या क्षणी काळवंडले, एवढेच पाहावे. चुकले त्याची क्षमा मागावी आणि उद्यासाठी एखादा लहानसा निश्चय करावा. संकटात आभार मानणे जड जाते हे आम्ही जाणतो. एखाद्या दिवशी परिचारिकेने मायेने विचारपूस केली, शेजारणीने पेज आणून दिली, इतकेच सापडेल. तितके पुरे.

हे एका वहीत दोन ओळींत लिहून ठेवल्यास अधिक बरे. एका दिवसाच्या नोंदीतून काही कळत नाही. महिना-दोन महिन्यांच्या नोंदी वाचताना मात्र कोणत्या गोष्टीनंतर समाधान टिकले आणि कोणत्या गोष्टीनंतर मन कोरडे झाले, याचा क्रम दिसू लागतो. लोयोलाच्या अंथरुणावर इग्नेशियस यांना दिसला तो हाच. बरे दिवस आले की त्यांतही कोरड्या दिवसांसाठी बळ साठवून ठेवावे, असे दहावा नियम सांगतो.

विषाद आणि आजार

एका प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही. आध्यात्मिक विषाद वेगळा आणि मनाचा आजार वेगळा. मात्र दोन्ही एकाच वेळी एकाच माणसात असू शकतात. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, कशातच रस न राहणे, जगणे नकोसे वाटणे, अशी लक्षणे दिसत असतील तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे. त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही. मान्रेसात इग्नेशियस यांच्याही मनात मरणाचे विचार आले होते आणि पुढे ते येशूसंघाच्या आजारी सभासदांना वैद्यांचे म्हणणे मानण्यास सांगत असत. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. घरातील कोणी असे बोलत असेल तर त्याला उपदेश करण्याआधी त्याच्यापाशी बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि वेळ न दवडता मदत मिळवावी.

या विषयाचा अधिक अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी, पोप फ्रान्सिस यांनी ३१ ऑगस्ट २०२२ ते ४ जानेवारी २०२३ या काळात बुधवारच्या भेटींत पारख या विषयावर दिलेली धर्मशिक्षणमाला उपलब्ध आहे. तीत विषादावर स्वतंत्र भाग आहेत. संपूर्ण साधनेला सुमारे तीस दिवसांचा एकांत लागतो. घर, शेती, नोकरी सोडून इतके दिवस जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी खुद्द इग्नेशियस यांनीच ग्रंथाच्या आरंभीच्या एकोणिसाव्या सूचनेत सोय केली आहे : मार्गदर्शकाच्या साहाय्याने रोज दीड तास काढून हीच साधना घरी राहून करता येते. मार्गदर्शकाविना मात्र ती करू नये. आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंकडे याबाबत चौकशी करावी.